एका ओळीचा मृत्युलेख



पदवीदानाला आलेल्या पाहुण्याने यशस्वी माणसांच्या गोष्टी सांगायच्या असतात. मी बुडालेल्या संगणक कंपन्यांच्या सांगणार आहे, कारण त्यातल्या एकीचं देणं माझ्या डोक्यावर आहे.

मी बरीच वर्षं उद्योग-व्यापाराच्या पानावर लिहीत होतो. एकदा एक भारतीय संगणक कंपनी अडचणीत आली. पान सोडायची घाई होती. मी लिहिलं, ‘काळाची पावलं न ओळखल्याने ही कंपनी मागे पडली.’ वाक्य गुळगुळीत होतं आणि कुठल्याही कंपनीला बसलं असतं. चार दिवसांनी पालघरहून फोन आला. संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. म्हणाले, “साहेब, त्या कंपनीचं एक तरी मशीन तुम्ही उघडून पाहिलंय का?”

नव्हतं पाहिलं. मग संगणक कंपन्या का बुडतात ते शोधत बसलो, आणि पहिला भेटला तो अ‍ॅडम ऑस्बर्न.

जन्म १९३९ चा, बँकॉकचा. वडील इंग्रज, पण रमण महर्षींचे भक्त. त्यामुळे पोराचं लहानपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेलं. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने संगणकावर सोपी पुस्तकं लिहिली आणि १९८१ मध्ये ‘ऑस्बर्न १’ बाजारात आणला. उचलून नेता येईल असा, भरपूर खपलेला हा पहिलाच संगणक. उचलून म्हणजे ११ किलो, तांदळाच्या गोणीसारखा! पडदा पाच इंचांचा, पोस्टकार्डाहूनही लहान. किंमत १,७९५ डॉलर, आणि लिहिण्याचं नि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यातच. लोकांच्या उड्या पडल्या. भर काळात महिन्याला दहा हजार नग जात होते. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळं काढलं.

का? एका ओळीचं उत्तर तयार आहे: नवं यंत्र हातात नसतानाच त्याने नव्या यंत्राची दवंडी पिटली, लोकांनी जुनं घेणं थांबवलं, पैसा आटला. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत याला ‘ऑस्बर्न इफेक्ट’ म्हणतात. बिचाऱ्याचं नावच एका चुकीचं विशेषण होऊन बसलं.

पण हिशेबाची वही उघडली की ही ओळ डगमगते. १९८२ मध्ये केप्रो नावाच्या कंपनीने त्याच किमतीला नऊ इंचांचा पडदा दिला होता. आयबीएमचं यंत्र आलं होतं आणि नवं सॉफ्टवेअर त्याच्यासाठी लिहिलं जाऊ लागलं होतं. रॉबर्ट क्रिंजली या पत्रकाराने तर वेगळीच हकीकत दिली आहे. गोदामात जुन्या यंत्राचे दीड लाख डॉलरचे मदरबोर्ड सापडले. ते वाया कशाला घालवायचे, म्हणून त्यांना पडदे, ड्राइव्ह, डबे जोडत बसले आणि त्या नादात वीस लाख डॉलर घातले! आपल्याकडे याला चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात. यातलं खरं कारण कुठलं? बहुधा सगळीच, थोडी थोडी.

आता मुंबईत येऊ. भारतातून १९७८ मध्ये आयबीएम निघून गेली. परदेशी भागभांडवल ४० टक्क्यांवर आणा, ही अट तिला मान्य नव्हती. मोकळ्या झालेल्या जागेत देशी कंपन्या उतरल्या. राज सराफ यांनी १९८० मध्ये मुंबईत सुरू केलेली झेनिथ कॉम्प्युटर्स त्यांतलीच. पुढे गोव्यात कारखाना निघाला. परदेशी नावाच्या यंत्राहून स्वस्त आणि पाठीशी इथलीच माणसं, हा तिचा हिशेब. अनेक मराठी घरांतला पहिला संगणक याच पिढीच्या देशी कंपन्यांचा होता. कव्हर शिवून, हळदकुंकू लावून ठेवलेला.

आत काय असायचं? प्रोसेसर अमेरिकन कंपनीचा, मदरबोर्ड बहुधा तैवानचा, बाकी पूर्वेकडून आलेलं. इथे व्हायची ती जुळणी. तुमच्याकडे मोखाड्याच्या बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर सोंगं निघतात. मुखवटा घडवणारा इथला आणि तो घालून नाचणाराही इथला. आपल्या संगणकाचा मुखवटा तेवढा इथला होता. हे मी हिणवायला म्हणत नाही. त्या काळी जुळणी करणं, तपासणं, विकणं आणि तालुक्याच्या गावी जाऊन दुरुस्त करणं हीही मोठी विद्या होती. पण धंद्याला संरक्षण होतं ते आयातशुल्काच्या भिंतीचं, आणि भिंत कंपनीच्या मालकीची नव्हती.

१९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरचं शुल्क शून्यावर आलं. वरून जगभरच्या बड्या कंपन्या उतरल्या. खालून लॅमिंग्टन रोडवरचे जुळणीवाले होतेच. त्यांच्यातल्या अनेकांची बिलं कच्ची, करांचा बोजा नाही. देशी ब्रँड जात्यात सापडला. झेनिथच्या घरातल्याच झेनिथ इन्फोटेकला तर २०११ मध्ये परदेशी रोख्यांचे पैसे मुदतीत फेडता आले नाहीत आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. त्या कंपनीत चुका झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही. कर्ज कंपनीनेच काढलं होतं, ते भिंतीच्या नावावर टाकता येणार नाही. पण ‘काळाची पावलं ओळखली नाहीत’ या ओळीत यातलं काय मावतं?

मी पालघरला त्या गृहस्थांकडे गेलो. दुकान दहा बाय दहाचं. वीस वर्षांची वही त्यांनी ठेवलीय: यंत्राचा नंबर, गाव, काय जळलं. जव्हारच्या पानांवर सगळ्यात जास्त नोंदी पॉवर सप्लायच्या, कारण गेलेली वीज परत येताना जोरात यायची. पावसाळ्यात बुरशी. एका कॅबिनेटमध्ये पालीने संसार थाटलेला. “कंपनी गेली, मशीन चालू आहे,” असं म्हणून त्यांनी एक जुनं खोकं चालू करून दाखवलं. दोन मिनिटं घरघरलं आणि उठलं.

हे तुम्हाला का सांगतोय? तुम्हा जव्हार-मोखाड्याच्या पदवीधरांवरही अशी एक ओळ लिहिली गेलीय. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी आली. ती खरी होती, छापायलाच हवी होती. पण त्यानंतर शहरात जव्हार-मोखाडा म्हटलं की कुपोषण, एवढा एकच शब्द उरला. त्या शब्दात मुकण्यांचं आदिवासी राजघराणं नाही, नाचणी-वरईचे उतार नाहीत, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं नाहीत. मोखाड्यातल्या कोचाळ्याजवळचं मध्य वैतरणा धरणही नाही. मुंबईत माझ्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्याचाही वाटा आहे, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. जिथे इतका पाऊस पडतो, तिथे! मी उद्योग-व्यापाराच्या पानावर तीस वर्षं लिहिलं आणि हे एकदाही लिहिलं नाही.

तुमच्यातल्या काहींच्या हातात कंप्युटर सायन्सची पदवी आहे, काहींच्या वाणिज्याची. तुम्ही खोकी उघडाल, हिशेबाच्या वह्या उघडाल. माझ्या पिढीने त्या न उघडता बरंच लिहून ठेवलंय. ते खोडायला लाजू नका.

आयुष्याच्या अखेरीस ऑस्बर्न भारतात परतला आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारला. तिथे त्याला कुणी ‘ऑस्बर्न इफेक्ट’ची आठवण करून देत होतं का, कोण जाणे.

मी आता विक्रमगड-मनोरमार्गे पालघरला उतरणार आहे. त्या वहीतली जव्हारची पानं नीट उतरवून घ्यायची राहिली आहेत, आणि दुकान आठला बंद होतं.