बगदाद पडलं नसतं तर?



‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं’, असं म्हणून आपल्याकडे जर-तरच्या गप्पा मोडीत काढतात. मला त्या आवडतात. माझं काम सॉफ्टवेअरचं. प्रोग्राम कुठे बिघडला हे शोधताना आम्ही एकच गोष्ट बदलतो, बाकी सगळं तसंच ठेवतो आणि काय होतं ते पाहतो. इतिहास पुन्हा चालवता येत नाही, पण डोक्यात ही तपासणी करता येते. अट एवढीच की ती प्रामाणिकपणे करायची.

आपल्या पोरांचा सगळ्यात लाडका ‘जर’ बगदादचा. फेब्रुवारी 1258 मध्ये हुलागू खानाच्या मंगोल फौजेने बगदाद घेतलं. खलिफा मुस्तअसिमला मारलं, शहरात कत्तल झाली, ग्रंथालयं गेली. ‘हे झालं नसतं तर आज विज्ञानात आपणच पुढे असतो’, असा मेसेज वाचून आपण हळहळतो आणि पुढे पाठवतो.

चला, चालवून पाहू. हुलागूला काढून टाका. बाकी काय उरतं?

तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या खोऱ्यात, थेट सुमेरच्या काळापासून, सगळा डोलारा कालव्यांच्या शेतीवर उभा होता. बगदादच्या बाजूचा सगळ्यात मोठा कालवा नहरवान. इ. स. 937 मध्ये त्याचा बांध फोडला गेला. कोणी फोडला? बगदादचाच सत्ताधीश इब्न राइक याने, प्रतिस्पर्धी सेनापती बजकमला अडवण्यासाठी. पुढे दुरुस्त्या झाल्या, पण त्या भागातली शेती पूर्वीसारखी उभी राहिली नाही. 945 मध्ये बुवैही सरदारांनी बगदाद ताब्यात घेतलं आणि खलिफा नावापुरता उरला. हे सगळं मंगोल यायच्या तीनशे वर्षं आधीचं. हुलागूला काढलं तरी फुटलेला बांध सांधला जात नाही.

आता उलट बाजू. 1258 नंतर विज्ञान थांबलं का? पुढच्याच वर्षी, 1259 मध्ये, त्याच हुलागूच्या आश्रयाने नसीरुद्दीन तूसीने इराणात मराग़ा इथे वेधशाळा सुरू केली. चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्यद मशिदीत नमाजाच्या वेळा काढणाऱ्या इब्न अल-शातिरने चंद्राच्या गतीचं जे गणित मांडलं, तेच पुढे कोपर्निकसच्या ग्रंथात दिसतं. पंधराव्या शतकात समरकंदला उलुग बेगची वेधशाळा होती. आणि 1295 मध्ये हुलागूचाच पणतू ग़ाज़ान खान मुसलमान झाला.

बगदादचं दुःख खोटं नाही. तिथे माणसं मेली. पण आपल्या आजच्या मागासलेपणाचं कारण म्हणून हुलागूला पुढे केलं की आपली शाळा, आपली मदरशातली पुस्तकं, मुलींचं अर्धवट सुटलेलं शिक्षण, यांतलं काहीच तपासावं लागत नाही. असा ‘जर’ फार आरामाचा असतो.

हाच खेळ आपल्याविरुद्धही खेळला जातो. ‘ते आले नसते तर देश कुठल्या कुठे असता’ हा मेसेज तुमच्याही फोनवर आला असेल. तिथेही युक्ती तीच. एक माणूस किंवा एक समाज काढून टाकायचा, की बाकी सगळं आपोआप सोन्याचं होतं.

मराठीत हा खेळ नीट कसा खेळावा ते जयंत नारळीकरांनी दाखवलंय. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचं पानिपत’ या कथेत एवढंच बदलतं की विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते. त्या एका बदलातून मराठे जिंकतात आणि पुढचा इतिहास वेगळा घडत जातो. कथेत कुठलाही समाज गायब करावा लागत नाही.

तसा तो करताही येत नाही. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पलटणी इब्राहिम खान गारदीच्या हाती होत्या. तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. समोर अब्दालीच्या बाजूने शुजाउद्दौला होता आणि शुजाच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागा साधू लढत होते. आता सांगा, यातून ‘ते’ वजा करायचे तर नेमके कोण? मुसलमान वजा केले तर मराठ्यांच्या तोफाच थंडावतात.

आपल्यासाठी हा प्रश्न नुसता करमणुकीचा नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या लढाईचा हिशेब आज कोणा पोराकडून भाड्याची खोली मागताना, कोणाकडून नोकरीच्या मुलाखतीत वसूल केला जातो. आणि आपणही आपल्या अपयशाचा हिशेब एका मेलेल्या मंगोलाच्या नावावर टाकून मोकळे होतो. दोन्हीकडे जिवंत माणसाची जबाबदारी सुटते.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला, बगदादचा असो की पानिपतचा, तर तीन प्रश्न विचारा. यात नेमकं काय बदललंय? बाकी सगळं खरंच तसंच ठेवलंय का? आणि या ‘जर’चं बिल कोणाच्या नावावर फाडलं जातंय? तीनही उत्तरं हाती येईपर्यंत तो मेसेज पुढे पाठवू नका.