दोन विकरांची गाठ पडल्यावरच तुटणारा डीएनए

दुधाला विरजण लागल्यावर ज्या जिवाणूंचे काम सुरू होते त्यांपैकी लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा एक असून, त्याचा मोठा वैरी म्हणजे जिवाणुभक्षी विषाणू. हा विषाणू पेशीला चिकटून आपला डीएनए आत सोडतो, आणि चीजच्या कारखान्यात त्याचा प्रादुर्भाव झाला की दूध आंबण्याची क्रियाच खुंटते. अशा परक्या डीएनएचे तुकडे करणाऱ्या प्रथिनांना रिस्ट्रिक्शन एन्झाइम, म्हणजे निर्बंधक विकर, असे म्हणतात. त्यांच्या शोधासाठी वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

साध्या विकराची रीत आधी पाहिली पाहिजे. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूचे इको-आर-वन हे विकर दोन सारख्या अर्धांचे बनलेले असते आणि ते डीएनएच्या चार अक्षरांतून घडलेला जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम ओळखते. समोरच्या पेडावर उलट दिशेने वाचला तरी हा क्रम तोच राहतो, त्यामुळे प्रत्येक अर्ध एकेक पेड कापू शकतो. लॅम्डा विषाणूच्या ४८,५०२ अक्षरजोड्यांच्या डीएनएत अशी ठिकाणे अवघी पाच आहेत, आणि केवळ धडकाधडकीच्या भरवशावर ती सापडायला फार वेळ लागला असता. म्हणून विकर कुठेही सैलसर चिकटते, कारण डीएनएचा कणा ऋणभारित आणि विकराची आतली बाजू धनभारित असते. मग ते काही अंतर धाग्यावरून सरकते, सुटते आणि दुसरीकडे पुन्हा बसते. पवना जलाशयाचा काठ वळणावळणाचा असल्याने काठाने लांब पडणारे शेत होडीने जवळ येते; गुंडाळलेल्या डीएनएचेही तसेच, साखळीवर दूर असलेली दोन ठिकाणे अवकाशात शेजारी असू शकतात, आणि म्हणून सरकणे व उडी घेणे या दोन्ही रीतींनी मिळून शोध लवकर संपतो. योग्य क्रम सापडला की सैल पकड घट्ट होते, डीएनए त्या जागी वाकतो आणि मॅग्नेशियमच्या साहाय्याने कणा तुटतो.

परंतु कापण्यापेक्षा न कापणे अवघड आहे, आणि या विषयाचे खरे मर्म तिथेच आहे. जिवाणू स्वतःच्या डीएनएतील त्याच क्रमांवर मिथिल गटाची खूण लावून त्यांना वाचवतो. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएची प्रत निघते तेव्हा नवा पेड बिनखुणेचा असतो. इको-आर-वनच्या क्रमात जुन्या पेडावरची खूण पुरते, पण लॅक्टोकॉकसच्या काही विकरांचा क्रम असममित असून खूण एकाच पेडावर लागते, त्यामुळे प्रत निघताच काही ठिकाणे पूर्णपणे उघडी पडतात. तरीही पेशी मरत नाही. ही विकरे एका ठिकाणी बसून कापत नाहीत. एटीपी हे पेशीचे इंधन जाळत ती धाग्यावरून एका ठरावीक दिशेला चालू लागतात, आणि समोरून तसेच दुसरे विकर येऊन आदळले तरच डीएनए तुटतो. ताज्या प्रतीतील उघडी ठिकाणे सगळी एकाच पेडावर, म्हणून एकाच दिशेला तोंड करून असतात आणि टक्कर होतच नाही. विषाणूच्या डीएनएत मात्र दोन्ही दिशांची ठिकाणे उघडी सापडतात. इतक्या साध्या युक्तीने आप-परभाव साधला जावा, हे विलक्षण आहे.

या विकरांची डीएनएला बिलगलेली रचना पुण्यात, पाषाणच्या आयसर संस्थेतील के. साइकृष्णन यांच्या गटाने ब्रिस्टल विद्यापीठातील सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. क्ष-किरणांनी मिळवलेल्या या चित्राची सूक्ष्मता २.७ अँगस्ट्रॉम होती, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. टक्कर झाल्यावर दोन्ही विकरांचे कापणारे भाग एकमेकांना भिडून दोन पेड एकदम कापत असावेत, असा सोपा तर्क होता. चित्रात मात्र कापणारा भाग चालीच्या दिशेच्या मागे, विकराच्या पाठीकडे आढळला, म्हणजे टक्कर होऊनही ते एकमेकांपासून दूरच राहतात. तुटलेल्या तुकड्यांचे क्रम वाचल्यावर असे सूचित झाले की टकरीनंतर एकेका पेडावर यदृच्छेने अनेक छेद पडत जातात, आणि पुरेसे छेद जवळजवळ पडले की धागा तुटतो. तुकड्यांची टोके त्यामुळे दर वेळी निराळी येतात. प्रयोगशाळेत ठरावीक जागी डीएनए कापून जोडण्यासाठी असे विकर निरुपयोगी, पण विरजणातल्या जिवाणूला विषाणूचा धागा तुटण्याशी मतलब असतो, तो कुठे तुटला याच्याशी नाही.