भेगा, दाणे आणि गांवकूस

वैशाखांत वर्धा जिल्ह्यांतील काळ्या रानांतून चालणाऱ्यास पायाखालीं पाहूनच पाऊल टाकावें लागतें. पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगलेली कपाशीची जमीन उन्हाळ्यांत आकसते, फाटते, आणि रानभर बहुकोनी ढेपांचें जाळें उमटतें. हा नकाशा कोणीं आंखला? कोणींच नाहीं. वाळणारा थर आकसूं पाहतो, खालची जमीन त्यास सोडीत नाहीं. ताण असह्य झाला म्हणजे भेग पडते, आणि मागाहून येणारी भेग पहिलीस बहुधा काटकोनांत मिळते. पुनःपुन्हां भिजून वाळल्यावर हेच कोन 120 अंशांकडे सरकतात, असें शास्त्रज्ञांनीं 2010 सालीं प्रयोगानें दाखविलें. घरीं ही माती कालवून एका ताटांत पातळ व दुसऱ्यांत जाड थर वाळवावा. पातळ थराच्या चकत्या लहान होतात, जाडाच्या मोठ्या. शेताची ही प्रतिकृति फुकट मिळते. संगणकावर तीच आंकड्यांनीं करतात.

माणसांच्या वस्तीलाहि असेंच आपोआप रूप येतें काय? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग ह्यांनीं 1971 सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत ह्या प्रश्नाचा विचार केला. त्यांनीं पटावर नाणीं मांडलीं. घरीं तूर व ज्वारी चालेल. बुद्धिबळाच्या 64 घरांत 22 दाणे तुरीचे व 22 ज्वारीचे इतस्ततः ठेवावे; 20 घरें मोकळीं राहूं द्यावीं. नियम एकच: ज्या दाण्याच्या शेजाऱ्यांत निदान एकतृतीयांश स्वजातीय नसतील, त्यानें जवळच्या सोयीच्या रिकाम्या घरांत जावें. मागणी किती माफक! तरीहि थोड्याच वेळांत तुरीचा मोहल्ला निराळा व ज्वारीचा निराळा होऊं लागतो, आणि तोहि कोणाच्या मनांत द्वेष नसतां.

हा खेळ पाहून कोणी म्हणेल, मग गांवकुसाबाहेरील वस्तीहि अशीच आपसूक झाली असेल. तें खोटें आहे. पटावरील दाण्यास सरकण्याची मुभा असते. अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या माणसास ती नव्हती. गांवांत जागा रिकामी असूनहि त्यास मिळत नसे, विहीर जवळ असूनहि पाणी मिळत नसे. मातींतील भेगेचा कोणी कर्ता नसतो. हिचे कर्ते होते. तें पटावर दाखवावयाचें तर कांहीं घरांभोंवतीं खडूची रेघ ओढावी लागेल. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिराच्या दारांतील अशी रेघ जमनालाल बजाज ह्यांनीं 1928 सालीं पुसली. गांवोगांवच्या पुष्कळ विहिरींवरील रेघा मात्र पुढेंहि बरींच वर्षें तशाच राहिल्या.