तालमीचा जमाखर्च



मी कामगार चळवळीतला माणूस. जे शिकलो ते वाचनालयात आणि गेटसभेत. म्हणून तालमीचा विचारही वेतनाच्या बाजूने करतो.

लहानपणी मला लाठी शिकविणाऱ्या वस्तादांनी कधी फी घेतली नाही. गुरुपौर्णिमेला नारळ आणि सव्वा रुपया, एवढेच. म्हातारपणी त्यांच्या औषधासाठी आम्हां शिष्यांना वर्गणी काढावी लागली. विद्या विकू नये म्हणतात. मग विद्या देणाऱ्याने खावे काय?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि राजाश्रय सरला. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ साली काढले. १९३६ साली त्याचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके करून आले. मंडळाने शिक्षक घडविण्याचे वर्ग चालविले, पुढे महाविद्यालय काढले. म्हणून ते आजही उभे आहे.

नंदुरबारात कोणी तरुण कुस्तीचा वा कराटेचा वर्ग काढू म्हणाला, तर त्याने आधी जागेचे भाडे, मॅट, शिक्षकाचा पगार आणि दुखापतीसाठी शिल्लक मांडावी. बेरजेला नियमित येणाऱ्या मुलांनी भागावे, ती फी. गरिबाच्या मुलाची फी दात्याकडून घ्यावी, शिक्षकाच्या पगारातून कापू नये. परीक्षेच्या फीवर मात्र वर्ग चालवू नये. पैशाने पट्टा मिळू लागला की विद्या बुडाली.

आम्ही वस्तादांना महिना दोन रुपये दिले असते, तर ती वर्गणी काढावी लागली नसती.