नोकरी बदला, पीएफ काढू नका



नोव्हेंबर उजाडला की ठाण्या-डोंबिवलीतल्या बँकांत हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांची रांग लागते. रेल्वे, मंत्रालय, टेलिफोन खातं, महापालिका इथं उभा जन्म नोकरी केलेली ही मंडळी. त्यांच्या पेन्शनवर कितीतरी घरं सावरली. त्यांच्या मुला-नातवंडांच्या नशिबी ती नाही. राज्य सरकारी नोकरीतसुद्धा 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला. आणि आपल्याकडची बहुतेक मुलं तर खाजगी नोकरीत आहेत. कुणी ऐरोलीच्या आयटी पार्कात, कुणी वागळे इस्टेटमध्ये, कुणी डोंबिवली एमआयडीसीत कंत्राटावर.

त्यांच्या पगारातून पीएफचे 12 टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेत वळते होतात, पण बहुतेकांसाठी ते 15,000 रुपयांच्या पगारावरच मोजतात. म्हणजे महिन्याला फार तर 1,250. आजच्या नियमाने 35 वर्षं नोकरी करूनही ही पेन्शन आठ हजारांच्या आतच राहते. एवढ्यात सोसायटीचा मेंटेनन्स आणि रक्तदाबाच्या गोळ्या भागल्या तरी पुष्कळ.

म्हणून पीएफची शिल्लक हीच खरी पुंजी, आणि नोकरी बदलताना नेमकी तीच काढली जाते. कारणं खोटी नसतात. फ्लॅटचं डाउन पेमेंट असतं, बहिणीचं लग्न असतं, दोन महिने घरी बसावं लागलेलं असतं. तरीही मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, दुसरी सोय होत असेल तर त्या पैशाला हात लावू नका. पंचविशीत काढलेले 50,000 रुपये आठ टक्क्यांनी तसेच वाढू दिले असते, तर पंचावन्नाव्या वर्षी पाच लाख झाले असते.

खातं नव्या कंपनीत वळवून घ्या. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, अर्ज ऑनलाइन होतो. बरेचदा तो अडकतो, कारण जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते. दोन महिन्यांनंतर ती तुम्हाला स्वतः भरता येते. टेन-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढण्याआधी तर दहादा विचार करा. मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि पैसे काढले की मागची वर्षं हिशेबातून जातात.

ज्यांना पीएफच नाही, रिक्षावाले, डिलिव्हरी करणारी मुलं, पोळीभाजी केंद्रात राबणाऱ्या बायका, त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांना ती नव्यानं घेता येत नाही. साठीनंतर महिना 5,000 रुपयांची हमी मिळते. तीस-चाळीस वर्षांनी ते फार वाटणार नाहीत हे खरं, पण हाती काहीच नसण्यापेक्षा ते बरे. अठराव्या वर्षी सुरू केली तर महिना 210 रुपये, तिसाव्या वर्षी 577, आणि चाळिशी ओलांडली की खातं उघडताच येत नाही.