सोमवारी छाती भरते



मुंबईच्या गिरणगावात कार्डिंग, म्हणजे रुई पिंजण्याच्या खात्यातल्या कामगारांची एक जुनी तक्रार असे: सोमवारी छाती भरते. रविवारची सुटी संपवून पाळीवर गेलं, की दुपारनंतर छाती आवळायची, खोकला सुटायचा. मंगळवारी जरा बरं वाटायचं, बुधवारी विसरायला व्हायचं. मुकादमाला हा कामचुकारपणा वाटला तर नवल नाही. सुटीनंतर आजारी पडणाऱ्याकडे आपण सगळेच संशयाने बघतो.

वैद्यकाला मात्र हे दुखणं ठाऊक आहे. त्याचं नाव बिसिनोसिस. कापसाबरोबर बोंडाच्या वाळल्या पाल्याचा चुरा येतो, त्यावर जिवाणूंचं विष असतं. गाठी फोडताना, रुई पिंजताना ते धुळीतून नाकात जातं आणि श्वासनलिका आवळतात. रोज धुळीत राहून शरीर थोडं सरावतं. सुटीत तो सराव मोडतो आणि पहिल्याच दिवशी दणका बसतो.

रिचर्ड शिलिंग या ब्रिटिश डॉक्टरने 1950च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या, त्याही वारांवरून. आधी एखादाच सोमवार, मग प्रत्येक सोमवार, मग मंगळवार-बुधवारही, शेवटी धाप कायमची. सुरुवातीला धुळीतून बाहेर पडलेला माणूस सुधारतो. शेवटच्या पायरीवरून परत येणं नाही. एक्स-रेत याची खास खूण दिसत नाही. म्हणून केसपेपरवर दमा लागतो, नाहीतर बिडीला दोष देऊन मोकळं होता येतं. बिडीने हा त्रास वाढतो हे खरंच, पण बिडी काही वार बघून छाती आवळत नाही.

असा चुकीचा शिक्का टाळायचा मार्ग जुना आहे. इटलीत मोडेना इथे रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला त्याचा धंदा विचारा, हा त्याचा आग्रह. आपल्याकडे 1948च्या कारखाने कायद्याने असे आजार कळवण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकली. अशा आजारांच्या यादीत बिसिनोसिस आहे. कामगार विम्यात तो भरपाईला पात्र आहे. पण केसपेपरवर आजाराचं नावच लिहिलं नाही, तर भरपाई कशाची मागणार?

गिरण्यांच्या जागी टॉवर आले, कापूस कुठे गेला नाही. विदर्भ-खानदेशातल्या जिनिंगमध्ये हंगामभर बाया तोंडाला पदर गुंडाळून काम करतात. पदराने तूस अडतं, बारीक धूळ अडत नाही. यंत्र झाकून धूळ तिथेच ओढून घ्यावी लागते. अमेरिकेने 1978 मध्ये सूतकताईच्या खात्यांसाठी घनमीटरला 0.2 मिलिग्रॅम धुळीची मर्यादा घातली, यंत्रं झाकली गेली आणि आजार घटला. म्हणजे उपाय माहीत आहे, पैसा खर्चायची तयारी हवी. नुसता पंखा लावून धूळ भिंतीबाहेर फेकणं हा उपाय नव्हे. ती शेजारच्या वस्तीच्या पत्र्यांवर जाऊन बसते. पंख्याला गाळणी हवी.

कापसात काम करणाऱ्या श्रोत्यांनो, दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आपण कोणत्या खात्यात, किती वर्षं आहोत आणि सुटीनंतरच्या दिवशी काय होतं, हे स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.