धुऱ्यावरचा वर्ग



दहावीच्या एखाद्या मुलाला सांगा, "जैवविविधतेवर मानवाचा काय परिणाम होतो ते लिही." तो जंगलतोड, प्रदूषण, शिकार अशी चार कारणे खडाखड लिहील. गुणही पुरे मिळतील. आता त्याच मुलाला बापाच्या शेताच्या धुऱ्यावर उभे करा आणि विचारा, "बाबू, इथं गवत किती जातीचं आहे?" तो म्हणेल, "गवत म्हणजे गवत, गुरुजी! त्यात जाती कसल्या?"

दोष मुलाचा नव्हे. आपण त्याला उत्तर शिकविले, पाहावयास शिकविले नाही. आणि ज्याचे नावच ठाऊक नाही, ते उद्या नाहीसे झाले तर त्याची चुटपुट लागावी तरी कशी? म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की माणसाच्या हातून सृष्टीत काय घडते आहे ते मुलांनी आपल्या हाताने मोजून पाहावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, लांबची सहल लागत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारसारख्या गावात तर सारे साहित्य शाळेच्या कुंपणापलीकडे पडलेले आहे.

शेलूबाजारचा हा मुलूख काळ्या मातीचा. इकडच्या वऱ्हाडात पूर्वी शिवारात ज्वारी, कपाशी, तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी अशी सरमिसळ असे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत सोयाबीन आले आणि आता पावसाळ्यात नजर पोहोचेल तिथवर तेच दिसते. सोयाबीनने शेतकऱ्याच्या हाती चार पैसे दिले, हे कोण नाकारील? पण निंदणाला माणूस मिळेनासा झाला, मिळाला तर मजुरी परवडेना, म्हणून तणनाशकाचा पंप आला. तो पिकात फिरतो आणि जाता जाता धुराही करपवून टाकतो. त्यातच गावाजवळून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. म्हणजे बदल कसा होतो हे शिकवावयास शिक्षकाला ॲमेझॉनच्या जंगलापर्यंत जाण्याचे कारण नाही.

पहिला प्रकल्प चार काड्यांचा आणि सुतळीचा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट बांधावी. श्रावणात, गवत फुलोऱ्यावर येऊ लागले की तीन जागा निवडाव्या: तणनाशक मारलेला धुरा, न मारलेला धुरा आणि गावाची ई-क्लासची जमीन. प्रत्येक जागी दहा वेळा चौकट टाकावी आणि आत किती जातीच्या वनस्पती आहेत ते मोजून वहीत लिहावे. चौकट कोठे टाकावयाची हे मुलांच्या मर्जीवर सोडू नका. मुले हिरवेगार पाहून तिथेच टाकतील! दर दहा पावलांवर एक, असा नियम करा. नाव ठाऊक नसेल तर 'क', 'ख' म्हणून नोंद करावी, काडी वर्तमानपत्रात दाबून ठेवावी आणि संध्याकाळी आजीला किंवा गुराख्याला दाखवावी. हराळी, कुंदा, मारवेल, पवन्या, कुसळी, तरोटा अशी नावे घरात बोलली जाऊ लागतील. मुलाने शाळेतून आणलेला प्रश्न आजीला सोडविता येतो, ही गोष्ट घरातही काही साधी नव्हे.

पुष्कळ चौकटींत गाजरगवत सापडेल. हे आपल्या देशातले नव्हे. ते मूळचे अमेरिका खंडातले. १९५० नंतरच्या दशकात पुण्याकडे ते लोकांच्या नजरेत भरले, आणि परदेशी धान्याबरोबर ते आले असावे असे मानतात. पुढे त्याला आवर घालण्यासाठी १९८० नंतरच्या दशकात मेक्सिकोतून एक लहानसा भुंगा आणून मुद्दाम सोडण्यात आला. तो पाने खातो. मुलांनी पानांवर तो शोधावा. एका झाडामागे माणसाच्या येण्याजाण्याचा केवढा इतिहास असतो, हे त्यांना तिथेच उमगेल.

एक खबरदारी मात्र शिक्षकांनी घेतलीच पाहिजे. नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांना नेऊ नये. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाचे डबे हाताळणे नाही, महामार्गाच्या कडेला मोजणी करणे नाही, आणि एकट्यादुकट्याने नाल्यात उतरणे नाही.

दुसरा प्रकल्प बाजारातला. गावाच्या नावातच बाजार आहे! आषाढ-श्रावणात पाल मांडून बसलेल्या मावश्यांकडे काटवल, तरोटा, पाथरी, घोळ अशा रानभाज्या येतात का, हे मुलांनी दर आठवड्याला पाहावे आणि तीनच प्रश्न विचारावे: ही भाजी कोठून आणली? पूर्वी ती किती अंतरावर मिळे? आता किती चालावे लागते? सहा आठवड्यांच्या नोंदींचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लावा. आलेख काढावयास गणिताच्या शिक्षकांना घरचीच आकडेवारी मिळेल. माळरान कमी झाले की सर्वात आधी कोणाचे पाय दुखतात, तेही मुलांना कळेल.

तिसरा प्रकल्प आठवणींचा. मुलाने तीन पिढ्यांना एकच प्रश्न विचारावा: "गिधाड शेवटचं केव्हा पाहिलं?" आजोबांना मेलेल्या बैलाभोवती जमलेला गिधाडांचा थवा आठवेल. वडिलांना कदाचित एखादेच आठवेल. मुलाने ते पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेले असेल. मग शिक्षकांनी कारण सांगावे. १९९० नंतर भारतातली गिधाडे झपाट्याने मरू लागली. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. ते घेतलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. हे संशोधकांनी २००४ साली उजेडात आणले आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी हे औषध बंद करण्यात आले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातले एकही धड उरले नव्हते.

आता पाहा, यात दुष्टपणा कोणाचा? कोणी गिधाडावर दगडसुद्धा मारला नव्हता. शेतकऱ्याने आपल्या बैलाचे दुखणे हलके व्हावे एवढेच इच्छिले होते. माणसाचा सृष्टीवरचा परिणाम पुष्कळदा असा, चांगल्या हेतूने आणि नकळत घडतो. म्हणूनच तो मोजल्यावाचून दिसत नाही.

इथे शिक्षकांची खरी कसोटी आहे. मुलाच्या वहीत आकडे आले: फवारलेल्या धुऱ्यावर इतक्या जाती, शेजारच्या धुऱ्यावर तितक्या. फवारा मारणारा त्या मुलाचाच बाप आहे. ती वही बापावरचे आरोपपत्र होता कामा नये. उलट मुलांना विचारावे: फरक फवाऱ्यानेच पडला कशावरून? एका धुऱ्यावर बाभळीची सावली असेल, दुसऱ्यावर गुरे चरली असतील. पुढल्या वर्षी पुन्हा मोजू, मग बोलू. शाळेच्या आवारातही एक कोपरा खरडावा, एक तसाच राखावा आणि पावसाळाभर दोन्हींची तुलना करावी. घाईने निकाल न देणे, हाही विज्ञानाचाच धडा आहे.

आणि घरी बोलावयाचे ते असे: "बाबा, पिकातलं तण काढलंच पाहिजे, पण धुऱ्यावरचं गवत राहू दिलं तर?" धुऱ्यावरच्या गवताने माती धरून ठेवली जाते, बैलाला वैरण मिळते, आणि मावा खाणारे ढालकिडे व कोळी तिथे आसऱ्याला राहतात. एवढी सवलत देण्यास शेतकऱ्याला फारसा खर्च नाही. भाषणाने जे होत नाही, ते मुलाच्या हातच्या मोजणीने कधीकधी होते.

वर्गात मागच्या बाकावर बसणारा फासेपारध्याचा एखादा मुलगा असेल. पुस्तकी धड्यात तो अडखळतो. पण पाऊल पाहून पाखरू ओळखण्याची विद्या त्याच्या घरात पिढीजात आहे. पावसाळ्यात माळरानातल्या गवतावर उड्या मारून मादीला बोलावणारा तणमोर आज जगातल्या अति-संकटग्रस्त पक्ष्यांत गणला जातो. अकोला-वाशीम भागात त्याचे आणि माळरानांचे रक्षण करण्यासाठी 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजालाच बरोबर घेऊन काम करीत आली आहे. ज्यांना शिकारी म्हणून हिणविले तेच राखणदार झाले. तेव्हा प्रकल्पाच्या दिवशी त्या मुलाला पुढे करा. त्या दिवशी गुरू तो, आणि आपण सारे विद्यार्थी.

शेवटी वहीचे काय करावयाचे? दरवर्षी बाजारातून आयते तक्ते आणून, रंगीत कागद चिकटवून सजविलेल्या वह्या जमा होतात, गुण पडतात आणि वह्या रद्दीत जातात. शिक्षक बंधुभगिनींनो, गुण सजावटीला देऊ नका, नोंदीला द्या. मातीचे बोट उमटलेली, दोन ठिकाणी खोडलेली, पण खरी मोजणी असलेली वही पहिली आली पाहिजे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि गावाची लोक-जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. तुमच्या वर्गाच्या नोंदी त्या समितीपुढे मांडा. सरपंचांनी आणि गावकरी मंडळींनीही त्या मागून घ्याव्या. दहा वर्षे नेमाने अशा नोंदी होत राहिल्या, तर आपल्या शिवारात काय होते आणि काय गेले, हे सांगावयास बाहेरून कोणा पंडिताला बोलवावे लागणार नाही.

यंदाच्या श्रावणात सुतळीची एक चौकट करा. खर्च दोन-चार रुपयांचा. मुलांना धुऱ्यावर न्या, आणि मोजणी संपेपर्यंत उत्तर सांगू नका.